संस्कृतच्या वर्गातून इन्स्ट्रक्शनल डिझाइनमध्ये जाताय? या चुका टाळा

सात वर्षं सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, कॉलेजात संस्कृत शिकवलं. सकाळी साताऱ्यात दोन तास, मग एसटी धरून वाईला दोन तास, आणि जून आला की परत मुलाखत, परत ऑर्डरची वाट. शेवटी कंटाळून इन्स्ट्रक्शनल डिझाइनकडे वळले, म्हणजे कॉलेज-विद्यापीठांचे ऑनलाइन कोर्स बांधून द्यायचं काम, आता घरूनच करते. दर महिन्याला कुणीतरी संस्कृतवाली नाहीतर पालीवाली मैत्रीण फोन करते, कसं केलंस गं, म्हणून एकदाच लिहून टाकते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे आपला तास उचलून स्क्रीनवर ठेवणं. मीही तेच केलं, संधीवरचा माझा हुकमी तास जसाच्या तसा रेकॉर्ड केला, 50 मिनिटं, आणि वर वाटलं काय भारी झालंय. वर्गात काय होतं, की मागच्या बाकावरच्या पोराचा चेहरा बघूनच आपल्याला कळतं, याला ‘इ’चा ‘य्’ कुठून आला ते काही झेपलं नाही, मग आपण ‘अति अधिक’, ‘अत्यधिक’ असं फळ्यावर लिहून गाडी वळवतो. ऑनलाइन कोर्समध्ये तुम्ही तिथं नसताच. त्यामुळं ते पोरगं कुठं अडकणार ते आधी ओळखून तिथंच प्रश्न, तिथंच उदाहरण आणि उत्तर चुकलं तर ते का चुकलं हे लिहून ठेवावं लागतं. खरं काम ते आहे, बोलणं नाही. ‘स्वयम्’च्या, म्हणजे सरकारी ऑनलाइन शिक्षण पोर्टलच्या, कोर्सला चार भाग असतात, व्हिडिओ, वाचायचं साहित्य, चर्चा आणि चाचणी, आणि नवीन माणूस सगळा जीव व्हिडिओत ओततो आणि बाकीचे तीन शेवटच्या रात्री उरकतो.

दुसरं, उद्दिष्टं, म्हणजे कोर्स संपल्यावर विद्यार्थ्याला काय करता येईल ते. ‘विद्यार्थ्याला संधी समजेल’ असं लिहू नका, समजलं हे तपासणार कसं? ‘दिलेल्या 10 शब्दांपैकी किमान 8 शब्दांचा विग्रह करून संधीचं नाव सांगेल’ असं लिहा. उद्दिष्टं लिहायला सगळे वापरतात ती ब्लूमची शिकण्याच्या पायऱ्यांची यादी 1956 ची, ती 2001 मध्ये सुधारली तेव्हा पायऱ्यांच्या नामांची क्रियापदं केली, तर व्याकरण शिकवणाऱ्याला यात अवघड काय आहे सांगा. आपल्याकडं शास्त्राच्या सुरुवातीला विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी हे चार अनुबंध सांगायची पद्धत आहेच की. कोर्स कशावर, कशासाठी, कुणासाठी, हेच कोर्स बांधतानाही आधी विचारायचं असतं. पण मुलाखतीत ‘हे सगळं आमच्याकडं आधीपासून होतंच’ असं म्हणू नका, मी म्हणाले होते, समोरची तिघं नुसती हसली आणि पुढच्या उमेदवाराला आत बोलावलं. मनात ठेवा आणि वापरा.

आता जिथं आपलेच लोक जास्त रडतात ते, फॉन्ट. वर्षानुवर्षांच्या नोट्स श्रीलिपीत नाहीतर कृतिदेवमध्ये टाइप केलेल्या असतात, त्या मूडलमध्ये, म्हणजे ऑनलाइन कोर्स चालवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, पेस्ट केल्या की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. आधी कन्व्हर्टरने युनिकोड, म्हणजे कुठल्याही मशीनवर नीट दिसणारी अक्षरं, करून घ्या आणि मग ओळ न् ओळ स्वतः वाचा, कारण रफार आणि जोडाक्षरं हमखास बिघडतात. चाचणीतली भानगड तर याहून वाईट. मूडलच्या शॉर्ट आन्सरमध्ये, म्हणजे पोरानं उत्तर टाइप करायच्या प्रश्नात, ‘गङ्गा’ उत्तर भरलं आणि पोरानं ‘गंगा’ लिहिलं की शून्य मार्क, ‘सम्पूर्ण’ आणि ‘संपूर्ण’चंही तेच. माझ्या पहिल्या चाचणीत निम्मा वर्ग असा बरोबर असून नापास झाला होता. परसवर्ण (‘ङ्’, ‘म्’ असं पुढच्या अक्षराच्या वर्गातलं अनुनासिक) आणि अनुस्वार, दोन्ही रूपं उत्तरात भरून ठेवा किंवा सरळ बहुपर्यायी प्रश्न करा. पर्याय देताना पोरं खरंच ज्या चुका करतात त्याच द्या, उगाच हास्यास्पद तीन पर्याय टाकले की न शिकताही उत्तर येतं.

विषयतज्ज्ञांशी, म्हणजे ज्यांच्या विषयाचा कोर्स आपण बांधतो त्या प्राध्यापकांशी, वागणं ही वेगळीच विद्या आहे. तुम्ही संस्कृतवाले असलात तरी काम येईल सॉइल मेकॅनिक्सचं नाहीतर कॉस्टिंगचं. मी एका सरांचा मजकूर घेतला आणि बसले ऱ्हस्वदीर्घ सुधारत, अख्खं पान लाल करून पाठवलं, सरांनी आठवडाभर फोन उचलला नाही, आणि बरोबरच केलं त्यांनी. आता मी एकच विचारते, ‘सर, दरवर्षी पोरं नेमकी कुठं अडकतात?’ यावर कुठलाही मास्तर तासभर बोलतो आणि त्यातनंच निम्मा कोर्स निघतो. आपल्याला विषय येत नाही याची लाज बाळगू नका, तिथं पहिला विद्यार्थी आपणच असतो.

बायोडेटात शोधनिबंधांची लांब यादी नको, कुणी वाचत नाही, एक मॉड्यूल, म्हणजे कोर्सचा एक तयार धडा, दाखवा म्हणतात. ते शक्यतो संस्कृतचं नसावं, समोरच्याला कळलं पाहिजे. मूडल आणि एचफाइव्हपी (त्यात प्रश्न, खेळ बनवायचं साधन) दोन्ही फुकट आहेत, त्यात बनवा. स्टोरीलाइन हे कोर्स बनवायचं विकतचं सॉफ्टवेअर शिकायचं तर ट्रायल 30 दिवसांचीच असते, मी उत्साहात पहिल्याच दिवशी सुरू केली आणि 20 दिवस नुसता मजकूर जुळवण्यात घालवले. आधी कागदावर स्टोरीबोर्ड, म्हणजे कुठल्या स्क्रीनवर काय येणार याचा आराखडा, पुरा करा, मगच ट्रायल चालू करा. सर्टिफिकेटांच्या मागंही फार धावू नका.

स्कॉर्मची फाइल, म्हणजे तयार कोर्स मूडलवर चढवायचं झिप पॅकेट, चढत नसेल तर बहुतेक वेळा एकच कारण असतं. झिप करताना अख्खा फोल्डर झिप झालेला असतो, मॅनिफेस्टची फाइल (आत काय काय आहे त्याची यादी) एक पायरी आत जाते आणि मूडलला ती सापडत नाही. फोल्डर उघडून आतल्या फाइली निवडा आणि मग झिप करा. आणि चढली की लॅपटॉपवर बघून खूश होऊ नका, मेढ्याकडच्या, डोंगरातल्या एखाद्या पोराला लिंक पाठवून त्याच्या मोबाइलवर, त्याच्या रेंजमध्ये ती उघडते का ते विचारा.