फुलं सुकवायची तर आदल्या दिवशी सिलिका भाजा

सुरुवात आदल्या दिवशी. फुलांना अजून हात लावायचा नाही, आधी सिलिका जेल, म्हणजे ओल शोषून घेणारे दाणे, भाजून घ्यायची. नवा पुडा असला तरी भाजायची, आणि दुकानदाराने पोतं फोडून सुटी दिलेली असेल तर मग विचारूच नका. कपाटात वर्षभर पडलेली सिलिका दिसायला पांढरीशुभ्र, हाताला खुळखुळीत कोरडी, पण दमट हवेत ती स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाएवढं पाणी पिऊन बसलेली असू शकते. बघून काही कळत नाही. गेल्या खेपेला नेमकं हेच राहिलं आणि डबाभर गुलाब गेले, म्हणून यादीत हे पहिलं.

ओटीजी (विजेचा छोटा ओव्हन) १२० अंशांवर, ट्रेमध्ये थर २ सेंटिमीटरपेक्षा जाड नको, दीड ते दोन तास, दर अर्ध्या तासाने खालीवर करायची. झाली की नाही हे वजनावरून ठरवा: ट्रेसकट वजन करा, अर्ध्या तासाने पुन्हा करा. आकडा उतरतोय म्हणजे पाणी अजून निघतंय. खुणेचे भगवे दाणे मिळाले तर मूठभर घेऊन मलमलच्या पुरचुंडीत बांधा आणि डब्याच्या कोपऱ्यात ठेवा. पाणी प्यायले की ते हिरवट पडतात. निळ्याचे गुलाबी होणारे दाणे घेऊ नका, त्यांत कोबाल्ट क्लोराइड असतं आणि ते विषारी आहे. ट्रे आणि चमचा पुन्हा स्वयंपाकात वापरायचा नाही, सिलिका कुठलीही असो.

भाजलेली सिलिका गरम असतानाच घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ओतायची आणि रात्रभर बंद ठेवायची. उघड्या ट्रेमध्ये गार केली तर गार होता होता हवेतलं पाणी पुन्हा ओढते, सगळी वीज फुकट. गरम वापरली तर पाकळ्या शिजतात. म्हणून आदल्या दिवशी. सकाळी उठून ‘तासाभरात उरकू’ असं होत नाही.

किती लागते? २ लिटरच्या डब्याला साधारण दीड किलो, त्यात मध्यम आकाराचे ४-५ गुलाब बसतात. दाणा रव्याइतका बारीक हवा. बुटांच्या खोक्यातल्या पुडीत असतात ते गोल मणी नकोत; पाकळीवर खळगे पडतात आणि दोन पाकळ्यांच्या मधे ते शिरतही नाहीत. स्वस्तात करायचं तर धुऊन वाळवलेली नदीची बारीक वाळू चालते, पण वाळू पाणी धरून ठेवत नाही, फक्त बाहेर जाऊ देते. त्यामुळे वाळूचा डबा उघडा ठेवायचा आणि सिलिकेचा बंद. याची उलटापालट बरेच जण करतात. वाळूला २-३ आठवडे द्या.

हंगाम दिवाळी ते शिवरात्र. पावसाळ्यात या फंदात पडू नका.

फुलं कोणती घ्यायची यात थोडं कठोर व्हा. गुलाब, झिनिया, झेंडू, शेवंती, डेलिया, जरबेरा चांगले येतात. कोंबडा आणि बोगनवेल यांना सिलिका घालवायची गरजच नाही, अंधाऱ्या, वारा खेळणाऱ्या खोलीत उलटी टांगा, दोनेक आठवड्यांत होतात. मोगरा, चाफा, निशिगंध तपकिरी पडतात, जास्वंद गळून जाते. कितीही आवडती असोत, सोडा. पिवळा आणि गुलाबी रंग टिकतो, पांढरा साईसारखा होतो, गडद लाल गुलाब काळपट पडतो. काळपट नको असेल तर मुळात फिकट लाल घ्या. बाजारातल्या सुक्या फुलांशी तुलना करू नका; तुतिकोरिन, कोलकात्याकडून येणारा तो माल बऱ्याचदा ब्लीच करून रंगवलेला असतो.

तोडायची वेळ दव उडाल्यावर, दहा-अकराच्या सुमारास. आदल्या संध्याकाळी झाडाला फुलांवरून पाणी मारायचं नाही. पूर्ण उमललेलं फूल टाळा, ते सुकताना पाकळ्या टाकतं. पाऊण उमललेलं बरोबर. किडलेली, डाग पडलेली पाकळी सुकल्यावर जास्त उठून दिसते. तोडलेलं फूल तासाभरात सिलिकेत जायला हवं, आणि ती सिलिका कालच भाजून तयार आहे ना? नसेल तर फूल झाडावरच राहू द्या.

तार आधी घालायची. देठ अडीच सेंटिमीटर ठेवून २२ किंवा २४ गेजची तार खालून पुष्पकोशात, म्हणजे फुलाच्या बुडाच्या हिरव्या भागात खुपसा. सुकल्यावर तो भाग टणक होतो, मग तार शिरत नाही आणि फूल फुटतं. सिलिकेत भरलेलं फूल झटपट सुकवायला मायक्रोवेव्ह वापरणार असाल तर मात्र तार नको आणि भांड्यावर झाकणही नको.

भरताना तोंडावर मास्क, ही धूळ छातीला चांगली नाही. तळाला ३-४ सेंटिमीटर थर, त्यावर फूल उभं, जरबेऱ्यासारखं चपटं फूल पालथं. आता चमच्याने आधी बाजूने भरा, मग पाकळ्यांच्या मधे थोडी थोडी, शेवटी वरून २ सेंटिमीटर. वरून एकदम ओतली की गुलाबाची पोळी होते. फुलं एकमेकांना टेकू देऊ नका. झाकण लावा, कडेने सेलोटेप फिरवा, तारीख लिहा.

झिनिया, झेंडू ४-५ दिवस, गुलाब ७ च्या आसपास, डेलिया त्याहून जास्त. कडेची पाकळी कुरकुरीत झाली म्हणून काढू नका, ती आधीच होते. ओल देठाच्या मुळाशी असते. न भाजलेल्या सिलिकेचा फटका इथेच बसतो. फूल वरून झालेलं दिसतं, तुम्ही खूश होऊन काढता, आणि दोन दिवसांत मान टाकून बुडाकडून तपकिरी होतं. त्या वेळी पुन्हा सिलिकेत घालूनही रंग परत येत नाही. भाजा म्हटलं ना.

काढताना डबा तिरका करून सिलिका हळू ओतून घ्या, फूल ओढू नका. चिकटलेले कण मऊ ब्रशने. सुटलेल्या पाकळीला खालून फेव्हिकॉलचा ठिपका. पारदर्शक ॲक्रिलिक स्प्रेचे दोन पातळ हात, मधे वाळू द्या.

ठेवायची काचेच्या बंद बरणीत, तळाला भाजलेल्या सिलिकेची पुडी, ऊन लागणार नाही अशा जागी. उघड्या फुलदाणीत ठेवलीत तर जूनमध्ये लोळतील. रेझिनमध्ये (ओतल्यावर काचेसारखा घट्ट होणारा द्रव) बसवणार असाल तर आणखी २-३ दिवस सिलिकेत राहू द्या, उरलेल्या ओलीने फूल आत तपकिरी होतं. वापरलेली सिलिका चाळून कचरा काढा, बंद डब्यात ठेवा. रंग ऊन टाळूनही हळूहळू उतरतो, वर्षा-दोन वर्षांनी बरणी बदलायला घ्या.