पर्स्पेक्टिव्ह व्ह्यूमध्ये हरवू नये म्हणून

कॅड, म्हणजे कॉम्प्युटरवर आराखडे आणि मॉडेलं काढणं, शिकायला बसलेल्यांना लाइन, एक्स्ट्रूड, फिलेट या कमांड चटकन जमतात. घोडं अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. मॉडेल पर्स्पेक्टिव्हमध्ये, म्हणजे डोळ्याला दिसतं तसं जवळचं मोठं आणि लांबचं लहान दाखवणाऱ्या व्ह्यूत उघडायचं, माऊस दोन-चारदा इकडेतिकडे ओढायचा, आणि बघता बघता मॉडेल गायब. पडदा नुसता करडा. मग फाइल न सेव्ह करता बंद करायची आणि पुन्हा उघडायची. बरीच वर्षं थ्रीडी मॉडेलांवर काम करते आहे, अधूनमधून नव्याने रुजू झालेल्यांना शिकवतेही. माऊसची बटणं पाठ असलेली मुलंसुद्धा अशी हरवताना पाहिली आहेत, म्हणून बटणांची यादी मी पहिल्या दिवशी देतच नाही.

पहिल्या दिवशी एवढंच सांगते, की मॉडेल जागचं हलत नाही. ऑर्बिट करा (भोवती फिरा), पॅन करा (आडवं-उभं सरका), झूम करा, त्याच्या प्रत्येक बिंदूचे एक्स, वाय, झेड जसेच्या तसे राहतात. हलता तुम्ही, म्हणजे तुमचा कॅमेरा. या कॅमेऱ्याच्या तीन गोष्टी असतात: तो कुठे उभा आहे, कुठल्या बिंदूकडे बघतोय, आणि त्याची लेन्स केवढी आहे. ज्या बिंदूकडे बघतोय त्याला टार्गेट म्हणतात. टार्गेट पडद्यावर सहसा दिसत नाही, त्यामुळे त्याचा विसर पडतो, आणि पर्स्पेक्टिव्हमधल्या निम्म्याअधिक तक्रारींचं मूळ तिथेच असतं.

‘झूम अडकलं’ ही तक्रार घ्या. समांतर म्हणजे पॅरलल व्ह्यूमध्ये, जिथे लांबची वस्तू लहान दिसत नाही, झूम केलं की चित्र मोठं होतं, बाकी काही नाही. पर्स्पेक्टिव्हमध्ये बहुतेक सॉफ्टवेअर त्याऐवजी कॅमेराच पुढे सरकवतात. किती सरकवायचा हे टार्गेटपर्यंत उरलेल्या अंतरावरून ठरतं. समजा माऊसचं चाक एक टिचकी फिरवलं की उरलेलं अंतर एक दशांशाने कमी होतं, आणि टार्गेट २० मीटरवर आहे. पहिल्या टिचकीला कॅमेरा २ मीटर पुढे जातो, दुसरीला १.८ मीटर. बावीस टिचक्यांनंतर टार्गेट जेमतेम २ मीटरवर राहतं आणि पाऊल २० सेंटिमीटरचं होतं. आणखी बावीस फिरवा, पाऊल २ सेंटिमीटरवर येतं. तुम्हाला जायचं असतं टार्गेटच्या पलीकडे ५ मीटरवर असलेल्या भिंतीपाशी. तिथे या हिशोबाने कधीच पोचता येत नाही, कारण प्रत्येक पाऊल उरलेल्या अंतराचा एक तुकडाच असतं आणि ते अंतर शून्य होत नाही. माऊस बिघडलेला नसतो आणि कॉम्प्युटरही मंद झालेला नसतो. काही सॉफ्टवेअरमध्ये झूम कर्सरखालच्या बिंदूकडे होतं, तिथे हा त्रास कमी जाणवतो. पण कर्सर मोकळ्या जागेवर असेल तर तिथेही गाडी रुतू शकते.

याच्या उलटही होतं. टार्गेट राहतं भलतीकडे लांब, तुम्ही असता एका बोल्टच्या तोंडाशी, आणि जरासं ऑर्बिट केलं की बोल्ट सर्रकन पडद्याबाहेर जातो. कॅमेरा टार्गेटभोवतीच फिरतो, त्यामुळे टार्गेट जितकं दूर तितका घेर मोठा.

दोन्हींवर उपाय एकच: जी वस्तू बघायची ती आधी निवडा, तिच्यावर झूम करा, आणि मगच फिरवा. राइनो या कॅड सॉफ्टवेअरमध्ये झूम सिलेक्टेडसाठी (निवडलेल्या वस्तूवर झूम) ‘झेडएस’ टाइप करतात, ऑटोकॅडमध्ये झूम कमांडचा ऑब्जेक्ट हा पर्याय आहे, फ्रीकॅडमध्ये ‘व्ही’ आणि मग ‘एस’ दाबायचं. स्केचअपमध्ये हव्या त्या जागी कर्सर नेऊन चाकाचं बटण दोनदा दाबलं की ती जागा पडद्याच्या मध्यावर येते. ऑटोकॅडच्या ऑर्बिटमध्ये राइट-क्लिक केल्यावर ऑर्बिट ऑटो टार्गेट नावाची एक निवड दिसते. ती चालू असू द्या, म्हणजे फिरण्याचं केंद्र मोकळ्या हवेत न राहता दिसणाऱ्या वस्तूंवर राहतं. तिथलीच आणखी एक सोय फार कमी जण वापरतात. ऑर्बिट सुरू करण्याआधी काही वस्तू निवडून ठेवल्या तर फिरवताना तेवढ्याच दिसतात, बाकीच्या तात्पुरत्या लपतात. जड मॉडेलवर याचा मोठा आधार होतो.

सगळंच हरवलं असेल तर झूम एक्स्टेंट्स, म्हणजे सगळं मॉडेल पडद्यात मावेल असं झूम. ऑटोकॅडमध्ये चाकाचं बटण दोनदा दाबलं की झालं. झूम एक्स्टेंट्स करूनही मॉडेल ठिपक्याएवढं दिसत असेल, तर कुठेतरी फार दूर एखादी सुटी रेघ किंवा बिंदू पडलेला आहे असं समजा. दुसऱ्याच्या फाइलमधून काही पेस्ट केलं असेल तर हमखास. तो शोधून पुसल्याशिवाय पुढे जाऊ नका. अशा एका भटक्या रेघेमुळे कॅमेऱ्याला फार जवळचं आणि फार लांबचं एकदमच सांभाळावं लागतं, आणि जवळ गेल्यावर भिंतीचा पुढचा भाग कापल्यासारखा नाहीसा होतो, किंवा एकमेकांना चिकटलेले दोन पृष्ठभाग लुकलुकायला लागतात. नवखे मग भिंतच पुन्हा काढत बसतात.

व्ह्यू बिघडला म्हणून कंट्रोल-झेड दाबत सुटायचीही सवय असते. ती आधी मोडा. काही सॉफ्टवेअरमध्ये व्ह्यूचं अन्डू आणि मॉडेलचं अन्डू निराळं असतं. राइनोमध्ये होम कळ मागचा व्ह्यू परत आणते, एंड कळ पुढचा. इन्व्हेंटरमध्ये मागच्या व्ह्यूसाठी एफ५ आहे, स्केचअपच्या कॅमेरा मेन्यूत प्रीव्हियस आहे. अशा ठिकाणी कंट्रोल-झेडने व्ह्यू जागचा हलत नाही आणि मागची चार कामं मात्र मुकाट्याने पुसली जातात.

आता लेन्स. राइनोचा पर्स्पेक्टिव्ह व्ह्यू ५० मिलिमीटर लेन्सने सुरू होतो. ३६ मिलिमीटर रुंद फ्रेम धरली तर हा आडवा सुमारे ४० अंशांचा कोन झाला. ३५ मिलिमीटरला तो ५४ अंशांच्या आसपास जातो, २४ला ७४च्या घरात. खोलीच्या आत उभं राहून बघताना ५० मिलिमीटरमध्ये काहीच मावत नाही, म्हणून लोक लेन्स कमी करत जातात. कमी केली की कडेच्या वस्तू ताणलेल्या दिसतात, गोल खांब कडेला अंडाकृती होतात, आणि छोटी खोली दिवाणखान्यासारखी भासते. दाखवण्यापुरतं ठीक, पण अशा व्ह्यूवरून प्रमाण बरोबर आहे की नाही हे ठरवू नका. मी कामाच्या व्ह्यूला ३५ ते ५०च्या दरम्यान ठेवते आणि खोलीत मावत नसेल तर मधली भिंत लपवून बाहेर उभी राहते. खऱ्या इमारतीत हे करता येत नाही, इथे येतं!

माझ्या मते नवख्यांचं सगळ्यात जास्त नुकसान होतं ते पर्स्पेक्टिव्हमध्ये थेट बिंदू ठेवल्याने. पडदा सपाट, मॉडेल त्रिमितीय. तुम्ही क्लिक करता तेव्हा सॉफ्टवेअर कॅमेऱ्यापासून त्या पिक्सेलमधून एक सरळ रेघ सोडतं आणि ती कामाच्या पातळीला, म्हणजे बहुतेकदा जमिनीला, जिथे भेटेल तिथे बिंदू ठेवतं. कॅमेरा जमिनीपासून १.६ मीटर उंच धरा. क्षितिजाच्या १० अंश खाली क्लिक केलं तर बिंदू पडतो सुमारे ९ मीटरवर. १ अंश खाली केलं तर ९० मीटरच्याही पलीकडे. अंशाच्या दहाव्या भागावर केलं तर ९०० मीटरहून लांब. ५० मिलिमीटर लेन्स आणि १००० पिक्सेल रुंद व्ह्यूपोर्ट (व्ह्यूची चौकट) असेल तर १ अंश म्हणजे पडद्यावर जेमतेम २४ पिक्सेल. हात इतकासा हलला की बिंदू गावाबाहेर. वर सांगितलेल्या भटक्या रेघा येतात कुठून, याचं एक उत्तर हेच आहे.

म्हणून बघायचं पर्स्पेक्टिव्हमध्ये आणि काढायचं टॉप, फ्रंट, राइटमध्ये. पर्स्पेक्टिव्हमध्ये काढायचंच असेल तर ऑब्जेक्ट स्नॅप (कर्सरला वस्तूच्या नेमक्या बिंदूंवर चिकटवणारी सोय) चालू ठेवा आणि अंतर आकड्यात टाइप करा. मोकळ्या जागी नुसतं क्लिक करू नका. तीन सरळ व्ह्यू आणि चौथा पर्स्पेक्टिव्ह ही मांडणी आजची नाही. एमआयटीमध्ये १९६३ साली टिमथी जॉन्सन यांनी केलेल्या स्केचपॅड ३मध्ये पडद्याचे असेच चार भाग होते. इतक्या वर्षांत ही मांडणी टिकली, त्याला कारण आहे.

पर्स्पेक्टिव्ह मग बंदच का ठेवू नये, असं काही जण विचारतात. नट-बोल्ट, कंस, साचे असं छोटं यांत्रिक काम करणारे बरेच जण खरंच बंद ठेवतात आणि त्यांचं काही अडत नाही. समांतर रेषा समांतरच दिसतात, दोन कडा एका ओळीत आहेत का ते नजरेने तपासता येतं. पण वायरफ्रेममध्ये, म्हणजे वस्तूच्या नुसत्या कडा दाखवल्या की, समांतर व्ह्यूची एक खोड आहे. घनाची पुढची बाजू कुठली आणि मागची कुठली हे डोळ्याला ठरवता येत नाही, चित्र बघता बघता उलटंपालटं होतं. स्विस शास्त्रज्ञ लुई आल्बेर नेकर यांनी १८३२ साली स्फटिकांच्या चित्रांबाबत हेच नोंदवलं होतं. पर्स्पेक्टिव्हमध्ये जवळची कड मोठी दिसते आणि प्रश्न मिटतो. इमारत, प्लँट, पाइपिंग, आतली सजावट असलं काम असेल तर पर्स्पेक्टिव्हशिवाय जागेचा अंदाजच येत नाही. ऑटोकॅड आणि फ्यूजनच्या व्ह्यूक्यूबवर (पडद्याच्या कोपऱ्यातला, दिशा दाखवणारा छोटा घन) राइट-क्लिक केलं की ‘पर्स्पेक्टिव्ह विथ ऑर्थो फेसेस’ मिळतं: तिरकं बघताना पर्स्पेक्टिव्ह, आणि क्यूबच्या एखाद्या बाजूवर क्लिक करून सरळ व्ह्यू घेतला की आपोआप समांतर. मी नव्या मशीनवर सगळ्यात आधी हे लावते. ऑटोकॅडमध्ये एक लक्षात असू द्या, टूडी वायरफ्रेम या व्हिज्युअल स्टाइलमध्ये पर्स्पेक्टिव्ह दिसतच नाही. आधी स्टाइल बदला.

बटणांचं थोडक्यात. ऑटोकॅड, फ्यूजन, रेव्हिटमध्ये मधलं बटण ओढलं की पॅन आणि शिफ्टबरोबर ओढलं की ऑर्बिट. स्केचअपमध्ये नेमकं उलट, नुसतं मधलं बटण ऑर्बिट करतं. सॉलिडवर्क्समध्ये मधल्याने फिरतं, कंट्रोल धरलं की पॅन. राइनोच्या पर्स्पेक्टिव्हमध्ये उजवं बटण फिरवतं आणि शिफ्टबरोबर पॅन करतं, पण टॉप व्ह्यूत तेच उजवं बटण पॅन करतं. फ्रीकॅडमध्ये नेव्हिगेशनच्या अनेक शैली आहेत, हाताला सवय असेल ती निवडा. पाठ करू नका, दोन दिवसांत हात शिकतो. ऑर्बिट मात्र झेड अक्ष उभा ठेवणाराच वापरा. ऑटोकॅडमध्ये शिफ्टबरोबर कंट्रोलही दाबलं गेलं तर फ्री ऑर्बिट सुरू होतं, आणि इमारत कुशीवर झोपते.

आतून चालत बघण्यासाठी ऑटोकॅडमध्ये थ्रीडीवॉक आहे, त्याला पर्स्पेक्टिव्ह लागतंच. बाणांच्या कळांनी किंवा डब्ल्यू, ए, एस, डी या कळांनी चालायचं. पावलाचा आकार मॉडेलच्या एककाप्रमाणे आधी बदलून घ्या, नाहीतर मिलिमीटरच्या मॉडेलमध्ये कळ दाबत राहूनही पुढे सरकल्यासारखं वाटत नाही.

नोकरीत याचा संबंध येतो तो रिव्ह्यूच्या बैठकीत. पडदा सगळ्यांना दिसत असतो आणि माऊस तुमच्या हातात असतो. तुम्हाला कळत असतं आपण कुठे चाललोय, समोरच्यांना नाही. सतत गरगर फिरणारं मॉडेल पाहून काहींना खरोखर मळमळतं. आदल्या दिवशी दाखवायचे व्ह्यू नावानिशी सेव्ह करून ठेवा: ‘जिना खालून’, ‘पंपरूम दारातून’ असे. बैठकीत यादीतून एकेक उघडा, थांबा, बोलू द्या. मध्येच कोणी ‘तो व्हॉल्व्ह दाखवा’ म्हणालं तर व्हॉल्व्ह निवडून त्यावर झूम करा, अंदाजाने चाक फिरवत तिकडे जाऊ नका. मुलाखतीत मॉडेल हाताळायला दिलं तर मीही हेच बघते, उमेदवार आधी निवडतो की आधी फिरवतो.