वेळापत्रक रोज का मोडत होते?
नोकरी आणि घर सांभाळून एक परकीय भाषा शिकण्याचा माझा संकल्प दोन वर्षे वहीतच राहिला होता, कारण दर रविवारी मी रोज एक तास अभ्यासाचे वेळापत्रक आखत असे आणि बुधवारपर्यंत ते कोलमडत असे. दोष आळसाचा, असे मी धरून चालले होते. अखेर एक आठवडा काहीही न बदलता मी दर अर्ध्या तासाला काय केले याची केवळ नोंद ठेवली. तेव्हा १६८ तासांपैकी खरोखर माझ्या हाती असलेले तास जेमतेम सहा निघाले, आणि तेही रात्रीचे नव्हे, तर पहाटेचे. कामाला लागणारा वेळ कमी धरण्याच्या या प्रवृत्तीकडे कानमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच लक्ष वेधले होते. मी तिचे चालतेबोलते उदाहरण होते. म्हणून प्रत्येक धड्याला अंदाजाच्या दीडपट वेळ धरून, आठवड्यातून चारच दिवस पहाटे पाऊण तास एवढेच ठरवले आणि शनिवारची सकाळ बुडालेल्या अभ्यासासाठी राखून ठेवली. (खरा उपयोग या राखीव सकाळीचाच झाला.) नऊ महिन्यांत बारा धडे पूर्ण झाले आहेत, तेराव्यावर मात्र मी तीन आठवडे अडकले आहे.