राहणं-जेवण आणि त्या बदल्यात शेतकाम : पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

मी वेगवेगळ्या छोट्या शेतांवर राहून काम केलंय, पगार नाही, राहायला जागा आणि दोन-तीन वेळचं जेवण एवढंच. आता जायचा विचार करणारी बरीच मुलंमुली विचारतात की नेमकं कसं असतं, सुरुवात कुठून करायची, फुकटात राबवून घेतात का. म्हणून एकदाच नीट लिहितेय.

सगळ्यात आधी माझं ठाम मत: कमी ठिकाणी जा आणि जास्त दिवस राहा. दर आठवड्याला नवीन फार्म असा प्लॅन बरेच जण करतात, भटकंती म्हणून ते ठीकच आहे, पण शेती शिकायची असेल तर त्यातून हाताला काही लागत नाही. पहिला आठवडा उलट होस्टचाच, म्हणजे ज्याच्या शेतावर राहता त्याचाच, वेळ तुमच्यावर खर्च होतो. रोप कुठलं आणि तण कुठलं, नळी कुठून कशी ओढायची, कुठलं गेट कधीच उघडं टाकायचं नाही, हे सगळं त्याला शेजारी उभं राहून दाखवावं लागतं. दुसऱ्या आठवड्यात तुमचा खरा उपयोग सुरू होतो आणि त्यानंतर कधीतरी तो म्हणतो की हे चार वाफे आता तू बघ. शिकणं तिथून पुढे चालू होतं. छोटा लाल मुळा पेरल्यापासून साधारण 25-30 दिवसांत काढायला येतो, म्हणजे महिनाभर राहिलात तर निदान एक पीक बी टाकण्यापासून काढणीपर्यंत स्वतःच्या हाताने बघता येतं. म्हणून मी महिन्याचं सांगते.

ही पद्धत काही नवीन नाही. 1971 मध्ये लंडनमध्ये सेक्रेटरीची नोकरी करणाऱ्या सू कोपर्ड नावाच्या बाईंना शनिवार-रविवारी शहराबाहेर शेतात जायची ओढ होती, त्यांनी ससेक्समधल्या एका शेतावर चौघांचा वीकएंड ठरवला आणि त्यातून पुढे वूफ (WWOOF, शेतावर राहून मदत करणाऱ्यांना आणि शेतकऱ्यांना जोडणारं जाळं) उभं राहिलं, जे आज कितीतरी देशांत चालतं. वूफमध्ये सेंद्रिय किंवा त्या वळणाची शेतं असतात आणि बहुतेक देशांची मेंबरशिप वेगळी घ्यावी लागते. वर्कअवेसारख्या साइटवर शेतांसोबत होस्टेल, घरकाम, मुलं सांभाळणं असं सगळंच असतं, त्यामुळे तिथे फार्म म्हणून लिहिलेलं असलं तरी प्रत्यक्षात पाहुण्यांच्या खोल्या साफ करायचं काम निघू शकतं, वर्णन नीट वाचा. तासांचं म्हणाल तर वूफमध्ये दिवसाला 4 ते 6 तास धरतात आणि वर्कअवे साधारण 5 तास, आठवड्याला 5 दिवस सुचवतं, म्हणजे 25 तास. हा आकडा डोक्यात पक्का ठेवा, पुढे उपयोगी पडतो.

होस्टला जायच्या आधी मेसेज करून काही गोष्टी स्पष्ट विचारा, लाजू नका, चांगल्या होस्टला असे प्रश्न आवडतात कारण त्यालाही अर्धवट माहितीवर आलेला माणूस नको असतो. दिवसाचे तास किती, सुट्टी कुठल्या दिवशी, झोपायला स्वतंत्र खोली की शेअर्ड की कॅरॅव्हॅन की तंबू, दाराला आतून कडी आहे का (मुलींनी हे विचाराच), तिन्ही वेळचं जेवण मिळतं का आणि सुट्टीच्या दिवशीचं काय, स्वयंपाक कोण करतं, फोनला रेंज आहे का, बस किंवा स्टेशन किती लांब. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मी येईन त्या महिन्यात शेतावर कुठलं काम चालू असेल. या शेवटच्या प्रश्नाला होस्ट नेमकं उत्तर देतो का बघा. "असंच, जे पडेल ते" असं आलं तर मी पुढे विचारतेच, कारण ज्याला स्वतःच्या कामाचं वेळापत्रक माहीत नाही त्याच्याकडे दिवस कधी संपतो हेही ठरलेलं नसतं. रिव्ह्यू वाचताना नुसते स्टार बघू नका, लोक किती दिवस राहिले आणि कोणी परत गेलं का ते बघा.

आता व्हिसा. इथे खूप जण गाफील राहतात. पैसे मिळत नाहीत म्हणजे हे काम नाही, टुरिस्ट व्हिसावर चालून जाईल, असं धरून चालू नका. राहणं-जेवण हाही मोबदलाच आहे असं अनेक देश मानतात. न्यूझीलंडमध्ये असं शेतकाम कामातच मोजतात आणि त्यासाठी काम करायची परवानगी असलेला व्हिसा लागतो. ब्रिटनमध्ये व्हिजिटर म्हणून गेलात तर फक्त नोंदणीकृत धर्मादाय संस्थेसाठी आणि तेही जास्तीत जास्त 30 दिवस व्हॉलंटिअरिंग करता येतं, खाजगी शेत त्यात बसत नाही. ऑस्ट्रेलियात वर्किंग हॉलिडे व्हिसाचं (तरुणांना फिरता फिरता काम करू देणारा व्हिसा) दुसरं वर्ष मिळवण्यासाठी पूर्वी असं बिनपगारी शेतकाम धरायचे, डिसेंबर 2015 पासून ते बंद झालं, आता पगारी कामच मोजतात, आणि जुने लेख वाचून अजूनही लोक फसतात. ज्या देशात जाताय तिथल्या इमिग्रेशनच्या अधिकृत साइटवर स्वतः वाचा, होस्टच्या शब्दावर जाऊ नका, आणि एअरपोर्टवर खोटं तर अजिबात बोलू नका. ही भानगड नको असेल तर आपल्याच देशात सुरुवात करा, काम तेवढंच शिकायला मिळतं.

धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन दहा वर्षं होऊन गेली असतील तर जायच्या आधी बूस्टर घ्या, त्याचे जंतू मातीत आणि शेणात असतातच. ट्रॅव्हल इन्शुरन्स काढताना अंगमेहनतीचं काम त्यात धरलंय का हे विचारून घ्या, पुष्कळ पॉलिसींमध्ये ते वगळलेलं असतं.

प्रत्यक्ष काम म्हणजे मुख्यतः तण काढणं, हे मनाशी धरूनच जा. जनावरं, फळं तोडणं, फोटोत दिसतं ते सगळं असतं पण दिवसाचे जास्त तास खुरपणीत जातात आणि मला स्वतःला ते काम मनापासून आवडतं, कारण शेत वाचायला तिथेच शिकता येतं. कोवळं तण कोरड्या, उन्हाच्या सकाळी वरवर खुरपून तिथेच सोडलं की दुपारपर्यंत वाळून जातं, तेच ओल्या मातीत केलं तर परत मूळ धरतं, म्हणजे तेवढीच मेहनत आणि रिझल्ट शून्य. लव्हाळा असेल तर वरून कापून काहीच होत नाही, खाली गाठी असतात आणि त्या तुटून विखुरल्या की उलट वाढतो. असलं कुठलं तण दिसलं की होस्टला विचारा, इथे हे आलं कधीपासून आणि तुम्ही काय काय करून बघितलंत. अर्धा तास बोलतील. मला सगळ्यात जास्त माहिती अशा वाफ्याच्या दोन बाजूंना बसून झालेल्या गप्पांतून मिळालीय.

कंपोस्टचं काम मिळालं तर सोडू नका. ओला हिरवा माल आणि सुका तपकिरी माल असा मिसळायचा की कर्ब आणि नत्राचं प्रमाण साधारण 25-30 ला 1 पडेल, ढीग निदान मीटरभर उंच-रुंद हवा नाहीतर तापत नाही, आतलं तापमान 55 डिग्रीच्या वर काही दिवस टिकलं की तणाचं बी आणि बरेचसे रोगजंतू मरतात. हे वाचून कळतं पण ढीग पलटताना वाफ अंगावर आली, वास आणि ओल बिघडलेली कशी असते ते हाताला कळलं, की मग विसरत नाही. धूळ उडत असेल तर मास्क लावा आणि नंतर हात धुवा.

जनावरं असतील तर वेळ तुमच्या सोयीने नाही, धार ठरलेल्या वेळी काढायची म्हणजे काढायची, कोंबड्या अंधार पडायच्या आत खुराड्यात बंद करायच्या, एक संध्याकाळ राहून गेलं तर सकाळी पिसंच सापडतात. आणि मशीनबद्दल स्पष्ट सांगते, शिकवल्याशिवाय हात लावू नका. ट्रॅक्टरच्या मागचा पीटीओ शाफ्ट (जोडलेली अवजारं फिरवणारा दांडा) मिनिटाला 540 फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला 9, सैल बाही किंवा ओढणी अडकली तर ओढून सोडवायला वेळच मिळत नाही. कोणी म्हटलं की चल चालव, काही होत नाही, तरी नाही म्हणा. त्यावरून होस्ट रागावला तर ती जागाच तुमच्यासाठी नाही.

तास वाढत जाणं ही सगळ्यात कॉमन तक्रार. काढणीच्या दिवसांत एखाद दिवस जास्त होणारच, पाऊस येतोय आणि माल बाहेर आहे तर घड्याळ बघत बसणं मलाही पटत नाही, पण मग पुढचा एखादा दिवस हलका मिळायला हवा. एका ठिकाणी रोजचेच आठ-नऊ तास व्हायला लागले, मी वहीत तास लिहून ठेवत होते, ती वही घेऊन शांतपणे बोलले, उत्तर मिळालं की इथे सगळे असंच करतात, दुसऱ्या दिवशी मी निघाले. परतीचे पैसे आणि दोन रात्री बाहेर राहण्याइतकी रक्कम कायम वेगळी ठेवा, निघणं शक्य व्हावं म्हणून. रोज पूर्ण दिवस आणि ठरावीक टार्गेट असेल तर ती नोकरी आहे, तिला पगार हवा, आणि तुम्ही ती फुकट केलीत तर गावातल्या एखाद्या मजुराचा रोजगार जातो हेही लक्षात घ्या.

ज्यांना शेती हे करिअर म्हणून बघायचंय त्यांच्यासाठी एक गोष्ट. व्हॉलंटिअरला पैशाची बाजू कधी दिसत नाही. तुम्ही पेरता, काढता, धुता, पण त्या भाजीतून काय उरलं हे माहीतच नसतं. म्हणून जरा ओळख झाली की विचारा, मला एकदा हिशोब दाखवाल का. मी विचारलं तेव्हा एका होस्टने बियाणं, डिझेल, पॅकिंग, बाजारात उभं राहण्याचे तास असं सगळं टेबलावर मांडलं, आणि जी भाजी सगळ्यात जास्त खपत होती तिच्यातच सगळ्यात कमी सुटत होतं, कारण ती निवडायला आणि जुड्या बांधायला भयंकर वेळ लागायचा. त्या वर्षी तरी ती लावणं बंद करावं का यावर आम्ही रात्री उशिरापर्यंत बोललो. सगळे दाखवणार नाहीत, नाही म्हटलं तर सोडून द्या. पण पेरणीचं कॅलेंडर आणि कुठल्या वाफ्यात कशानंतर काय लावलं याची नोंद बहुतेक जण खुशीने देतात, ती उतरवून घ्या, आणि मग पुढची पायरी म्हणून एखाद्या शेतावर पूर्ण हंगामाचं पगारी काम किंवा अप्रेंटिसशिप शोधा. त्या इंटरव्ह्यूला तुमची ती नोंदवही सोबत न्या.