पडका मठ बघायचा तर चर्च शेवटी ठेवा

इंग्लंडमधल्या यॉर्कशायरच्या फाउंटन्स ॲबी या पडक्या ख्रिस्ती मठाला पहिल्यांदा गेले तेव्हा दोन तास चर्चच्या कमानींखालीच गेले. बाहेर पडताना लक्षात आलं, इथले मठवासी जेवायचे कुठे, झोपायचे कुठे, काहीच कळलं नाही. पुढच्या खेपेला चर्च शेवटी ठेवलं. आता प्रत्येक मठ मी असाच बघते.

आधी चौक गाठा. चर्चच्या भिंतीला लागून हिरवळीचा मोठा चौकोन दिसतो, तो क्लॉइस्टर. त्याच्या चारही बाजूंना ओवऱ्या असत. पडक्या मठांत त्या बहुधा गेलेल्या असतात, पण भिंतीवर त्यांच्या छपराची तिरकी खूण उरते. मधोमध उभं राहा आणि वेदीची बाजू ओळखा, ती पूर्व. चौक सहसा चर्चच्या दक्षिणेला, म्हणजे उंच भिंतीची सावली पडत नाही आणि ऊन मिळतं. वेल्समधल्या टिंटर्नला आणि फ्रान्समधल्या प्रोव्हान्सच्या ल तोरोनेला मात्र तो उत्तरेला आहे. टिंटर्नला सांडपाणी वाय नदीत सोडायचं होतं आणि नदी त्या अंगाला. यॉर्कशायरमधल्याच रिव्हो मठाला दरी इतकी अरुंद की अख्खं चर्चच जवळजवळ दक्षिणोत्तर बांधलंय. तिथे होकायंत्र खिशात ठेवा आणि वेदीलाच पूर्व माना.

आता चर्चकडून पूर्वेच्या ओवरीने चाला. दाराजवळ भिंतीत कोनाडा दिसला तर थांबा. कडेच्या दगडात फळ्यांसाठी खाचा असल्या तर ते पुस्तकांचं कपाट. पुढे कमानींचं दर्शनी तोंड असलेलं दालन म्हणजे चॅप्टर हाउस. मठात कसं राहायचं हे सांगणाऱ्या संत बेनेडिक्टच्या नियमावलीत ७३ प्रकरणं आहेत. त्यातलं एक इथे रोज वाचत, म्हणून हे नाव. भिंतीलगत दगडी बाक असतात.

मग मान वर करा. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. भिंतीत एका रेषेत चौकोनी भोकं दिसतील. त्यात तुळया बसत, म्हणजे ती वरच्या मजल्याच्या जमिनीची रेषा. तो मजला निजायचा. तिथून थेट चर्चमध्ये उतरणारा रात्रीचा जिना असे, कारण अंधारातच उठून प्रार्थनेला जायचं. जिना बहुतेक ठिकाणी नाहीसा झालाय, नुसतं अधांतरी दार उरतं. नॉर्थंबरलंडमध्ये हेक्सहॅमला तो शाबूत आहे, ३५ पायऱ्यांचा. मी वाकून एका पायरीवर हात ठेवला. मधोमध दगड खोलगट झालाय, तळवा अलगद त्यात बसतो, आणि कडेला मात्र तो सपाट आहे.

चौकाची चर्चसमोरची, म्हणजे सहसा दक्षिणेची, बाजू पोटाची आणि उबेची. भोजनगृहाच्या दाराशी हात धुवायची दगडी पन्हळ शोधा. सिस्टर्शियन, म्हणजे बेनेडिक्टची नियमावली काटेकोर पाळणाऱ्या पंथाच्या, मठात भोजनगृह बहुधा ओवरीला काटकोनात असतं. आत एका भिंतीच्या जाडीत छोटा जिना असेल तर तो वाचणाऱ्याचा. बाकीचे मुकाट्याने जेवत आणि तो वाचून दाखवी. शेजारच्या दालनात शेकोटी. स्वयंपाकघर आणि आजारी माणसांची खोली सोडली तर मठात ऊब मिळे ती इथेच. फाउंटन्सच्या त्या शेकोटीपुढे उभं राहून थंडीतल्या पहाटेचा विचार जरूर करा.

पश्चिमेला कोठार आणि शेती-कामधंदा बघणाऱ्या श्रमिक बंधूंची जागा. फाउंटन्सचं हे दालन सुमारे ९० मीटर लांब, खांबांमागून खांब.

यानंतर पाण्यामागे जा. मठाच्या आवारातच पाणी, गिरणी आणि बाग असावी, म्हणजे मठवासीयांना बाहेर भटकावं लागणार नाही, असं बेनेडिक्टने लिहून ठेवलंय. फाउंटन्सला स्केल नदीच इमारतींखालून वळवलीय. शौचकूप नेहमी वाहत्या पाण्यावर, म्हणून खोल दगडी चर दिसला की वरच्या निजायच्या मजल्याचं टोक सापडलंच समजा.

शक्यतो सकाळी लवकर किंवा उन्हं उतरल्यावर जा. तिरप्या उजेडात भोकं, खाचा आणि छपराच्या खुणा उठून दिसतात. भर दुपारी सगळी भिंत एकसारखी दिसते. कोनाड्यांसाठी टॉर्च घ्या. भिंतींवर चढू नका, चुना सुटलेला असतो.

आता चर्च. मुख्य दाराने जाऊ नका. चौकातून आत शिरा आणि निजायच्या मजल्याचं ते अधांतरी दार ज्या भिंतीत आहे, तिच्या पायथ्याशी उभं राहा. अर्धवट झोपेतले मठवासी इथेच उतरत. फाउंटन्सला हे १५३९ पर्यंत, चारशेहून अधिक वर्षं चाललं.