काच की दगड? स्लॅगचे औष्णिक गुणधर्म मोजण्याची रीत

झोतभट्टीचा स्लॅग, म्हणजे लोखंड गाळताना वर तरंगणारी वितळलेली मळी, पाण्याच्या जोरदार फवाऱ्यात पडला तर काच होतो, खड्ड्यात ओतून सावकाश निवू दिला तर दगड. घटक तेच, पण उष्णता वाहून नेण्याची रीत बदलते. खरी पंचाईत पुढे आहे: काच मोजायला तापवली, की तापवता तापवताच तिचा दगड होतो. म्हणून प्रत्येक आकड्याशेजारी नमुना तेव्हा कोणत्या अवस्थेत होता ते लिहा. नाहीतर आलेख कितीही देखणा आला तरी उपयोग शून्य.

नमुना तयार करणे

आपल्याकडच्या स्लॅगमध्ये ॲल्युमिना जास्त असतं, म्हणून हे मिश्रण धरू: चुना ३८, सिलिका ३४, ॲल्युमिना १८, मॅग्नेशिया १० टक्के. १०० ग्रॅम काचेसाठी कॅल्शियम कार्बोनेट ६७.८ ग्रॅम लागेल, बाकीचे तिन्ही टक्क्यांइतके ग्रॅम. मॅग्नेशिया हवेतला ओलावा ओढतो, तेव्हा वजन करण्याआधी तो १००० अंश सेल्सिअसला भाजून घ्या. कार्बोनेटमधून जवळपास ३० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. घाईने तापवलंत तर मिश्रण फसफसून मुशीबाहेर येईल. आधी १००० अंशांना दोन तास ठेवा, मग प्लॅटिनम-ऱ्होडियमच्या मुशीत १५०० अंशांना तासभर वितळवा. ओता, कुटा, पुन्हा वितळवा. एकाच वितळणीत मिश्रण एकजीव होईल या भरवशावर राहू नका.

कारखान्यातला स्लॅग वापरणार असाल तर कुटून चुंबक फिरवा. त्यातले लोखंडाचे बारीक मणी प्लॅटिनमशी मिश्रधातू करतात आणि मुशीला भोक पाडतात.

रस पोलादी साच्यात ४-५ मिमी जाडीचा ओता. जास्त जाड ओतलात तर मधोमध स्फटिक धरतात. लगेच ७५० अंशांच्या आसपासच्या भट्टीत तासभर ठेवा आणि मिनिटाला १-२ अंशांनी उतरवा. हे ॲनीलिंग टाळलं तर चकती कापताना हिऱ्याच्या पात्याखाली फुटते. नेमकं तापमान म्हणजे काचसंक्रमण तापमान, जिथे कडक काच मऊ पडू लागते. ते आधी एका छोट्या तुकड्याचा डीएससी (तापवताना नमुना किती उष्णता घेतो किंवा सोडतो याचा आलेख) काढून ठरवा. स्फटिकी नमुन्यासाठी त्याच काचेचे तुकडे १००० अंशांना काही तास ठेवा. आकुंचनामुळे भेगा पडतात, म्हणून दोन-तीन जादा तुकडे भट्टीत घाला.

दोन्हींचं एक्स-रे डिफ्रॅक्शन करा, त्यात स्फटिक आहेत की नाहीत ते कळतं. काचेला तांब्याच्या नळीने टू-थीटा ३० अंशांजवळ फक्त रुंद उंचवटा दिसायला हवा. टोकदार शिखर दिसलं तर ती काच नाही.

विशिष्ट उष्मा

विशिष्ट उष्माही डीएससीनेच मोजायचा. तीन फेऱ्या करा: रिकामी मूस, नीलमणी (ज्याचा विशिष्ट उष्मा आधीच ठाऊक आहे), मग नमुना. तिन्हींना तीच मूस, तेच झाकण, तीच जागा, मिनिटाला २० अंशांची चढ आणि शुद्ध आर्गॉन. काचेची ५ मिमी व्यासाची, १ मिमी जाडीची चकती साधारण ५७ मिग्रॅ भरते. तिचा तळ मुशीला सपाट टेकला पाहिजे. नमुन्याच्या आणि नीलमण्याच्या सिग्नलमधून रिकाम्या मुशीचा सिग्नल वजा करा. त्यांच्या गुणोत्तराला वजनांच्या उलट्या गुणोत्तराने आणि नीलमण्याच्या ज्ञात विशिष्ट उष्म्याने गुणा. २५ अंशांना नीलमण्याचं हे मूल्य ०.७७५ जूल प्रति ग्रॅम केल्व्हिन आहे.

झाकणाला कंटाळू नका. पारदर्शक काच आणि पांढराफट्ट स्फटिक वेगवेगळं प्रारण टाकतात. उघड्या मुशीत हा फरक विशिष्ट उष्म्याचा फरक म्हणून आलेखात घुसतो.

आलेखात आधी काचसंक्रमणाची पायरी येते, मग स्फटिकीभवनाचं उष्णता सोडणारं शिखर. ते शिखर विशिष्ट उष्म्यात मोजू नका. तोच नमुना निववून पुन्हा चढवा: दुसऱ्या फेरीत पायरी गायब असेल तर स्फटिकीभवन पुरतं झालं. ही तपासणी फुकटात होते, तरी बरेच जण ती करत नाहीत. पूड वापरलीत तर शिखर अलीकडे सरकतं, कारण स्फटिक पृष्ठभागापासून वाढतात. तेव्हा कणांचा आकार नोंदवा.

विसरणशीलता आणि वाहकता

विसरणशीलता म्हणजे पदार्थातून तापमानाचा बदल किती वेगाने पसरतो ते. ती मोजायची लेझर फ्लॅश ही १९६१ मध्ये पार्कर आणि सहकाऱ्यांनी मांडलेली पद्धत. चकतीच्या एका बाजूला लेझरचा झटका द्यायचा आणि दुसऱ्या बाजूची तापमानवाढ तिच्या कमाल वाढीच्या अर्ध्यावर पोहोचायला लागलेला वेळ पाहायचा. विसरणशीलतेचं सूत्र: ०.१३८८ गुणिले जाडीचा वर्ग, भागिले तो वेळ. २ मिमी काचेत १.२३ सेकंद लागले तर उत्तर ०.४५ चौ. मिमी प्रति सेकंद. वाहकता म्हणजे विसरणशीलता, घनता आणि विशिष्ट उष्मा यांचा गुणाकार: घनता २.९ ग्रॅम प्रति घन सेंमी आणि विशिष्ट उष्मा ०.८ जूल प्रति ग्रॅम केल्व्हिन धरला तर ती साधारण १.०४ वॉट प्रति मीटर केल्व्हिन. जाडीतली २ टक्के चूक उत्तरात ४ टक्के होते, म्हणून मायक्रोमीटर पाच ठिकाणी लावा.

काचेतून लेझर आरपार जातो. आधी सोन्याचा पातळ थर, त्यावर ग्रॅफाइटचा फवारा, दोन्ही बाजूंना. लेझरचा झटका सुटताक्षणी डिटेक्टरचा सिग्नल टुणकन उडाला, की थर कुठेतरी विरळ आहे असं समजा आणि पुन्हा लावा. तरीही गरम काचेच्या आत प्रारणाने उष्णता सरकतेच. ते पकडायला १.५ आणि २.५ मिमी अशा दोन चकत्या मोजा. जाड चकतीने जास्त विसरणशीलता दाखवली तर आकड्यात प्रारणाचा वाटा आहे.

काचेला संक्रमणाच्या ५० अंश अलीकडेच थांबवा. पुढे चकती मऊ पडून वाकते आणि जाडी कुठली धरायची हेच कळत नाही. स्फटिकी नमुना वर नेता येतो, पण त्याची सच्छिद्रता आर्किमिडीजच्या पद्धतीने (हवेत आणि द्रवात वजन करून) मोजून नोंदवा, नाहीतर तुमचा 'स्फटिक' म्हणजे निम्मी हवा असायची.

लॅडल स्लॅगच्या (पोलाद शुद्ध करण्याच्या पात्रातल्या मळीच्या) वाटेला जाणाऱ्यांसाठी एक सूचना. त्यातला डायकॅल्शियम सिलिकेट निवताना ५०० अंशांच्या आसपास रूप बदलून सुमारे १२ टक्के फुगतो आणि चकतीचा भुगा होतो. थोडा बोरॉन ऑक्साइड घातला की ती टिकते, पण मग तुम्ही मोजताय तो मूळ स्लॅग राहिलेला नसतो.