चिनी आणि जपानी एकत्र शिकताय? वाक्यरचनेतल्या या चुका टाळा

लिपीतली अक्षरं सारखी दिसली की या दोन भाषा सख्ख्या बहिणी वाटतात. तशा त्या नाहीत. जपानीने चिनीकडून लिपी आणि ढीगभर शब्द घेतले, वाक्याची घडण मात्र स्वतःचीच ठेवली.

पहिली गल्लत होते क्रियापदाच्या जागेची. 'कुत्रा माणसाला चावतो' हे चिनीत 'कौ याओ रन': कुत्रा, चावणं, माणूस. (चिनी सूर इथे दाखवलेले नाहीत, ते ऐकूनच घ्या.) उलटं 'रन याओ कौ' म्हणालात, तर माणूसच कुत्र्याला चावला! विभक्तिप्रत्यय नाहीत, त्यामुळे कर्ता कोण हे जागेवरून ठरतं. जपानीत 'इनु गा हितो ओ कामु' (इनु कुत्रा, हितो माणूस) म्हणा किंवा 'हितो ओ इनु गा कामु', चावणारा कुत्राच. क्रियापद तेवढं शेवटी हवं. आपला 'माणसाला'मधला 'ला' जे काम करतो, तेच इथे 'ओ' करतो; 'गा' कर्ता दाखवतो.

इतकी सोय असूनही आपण मनात आधी इंग्रजी वाक्य जुळवतो आणि फसतो. 'मला आंबा आवडतो' यासाठी सर्रास 'मांगो ओ सुकी देस' म्हटलं जातं. अहो, मराठीत क्रियापद आंब्याप्रमाणे चालतं ना? जपानीतही आंब्याला 'गा' लागतो: 'मांगो गा सुकी देस'. 'जपानी समजते' हेही तसंच, 'निहोंगो गा वाकारु'.

आधी चिनी शिकलेला माणूस जपानी बोलताना जास्तीच्या 'नो'वरून ओळखू येतो. चिनीत लाल फूल म्हणजे 'हुंग द ह्वा', काल घेतलेलं पुस्तक म्हणजे 'त्सुओथ्यान माय द शू'. या 'द'च्या जागी 'नो' ठेवून 'आकाइ नो हाना', 'किनो कात्ता नो होन' अशी वाक्यं तयार होतात. तो 'नो' काढून टाका: 'आकाइ हाना', 'किनो कात्ता होन'. 'वाताशी नो होन' (माझं पुस्तक) यासारख्या दोन नामांमध्ये मात्र तो हवाच.

उलट आधी जपानी शिकून चिनीकडे येणारे, जपानी प्रश्नाच्या शेवटी लागणाऱ्या 'का'च्या सवयीने, प्रत्येक चिनी प्रश्नाला 'मा' जोडतात. 'नी छ् फान मा?' म्हणजे जेवतोस का, हे ठीक. पण 'काय खातोस?' विचारताना नुसतं 'नी छ् शन्म?' पुरे.

शेवटचा मुद्दा चिनीतल्या 'ल'चा. तो भूतकाळाचा प्रत्यय नव्हे, क्रिया पुरी झाल्याची खूण आहे. म्हणून 'उद्या जेवून मग निघू' यातही तो येतो: 'मिंगथ्यान छ् ल फान त्साय त्सौ'. आणि 'मी जेवलो नाही' अशा साध्या नकारात तो गळतो: 'वो मेय छ् फान'.